मूल ‘सुधारून’ जन्माला घालावे का?

एका आईंनी विचारले आहे. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात आहेत, आयव्हीएफ चालू आहे. तिथल्या एका कंपनीने त्यांच्या भ्रूणांची जनुकीय तपासणी करून प्रत्येक भ्रूणाची पुढची उंची, बुद्ध्यंक, मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका असे गुणपत्रक देऊ केले आहे. जावई म्हणतात, आपण मुलांना लस देतो, चांगली शाळा शोधतो, क्लास लावतो. तोच विचार जन्माआधी केला तर बिघडले कुठे? आणि उद्या जनुके थेट बदलता आली तर तेही का करू नये? आईंना हे खटकते, पण नेमके काय खटकते ते जावयांना समजावता येत नाही.

मी विदर्भात जनुकीय समुपदेशन करते. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे सिकलसेलची, काही थॅलेसेमियाची; दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. ‘हे जनुक बदलता आले असते तर’ हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि ते कोणी हौसेने म्हणत नाही. म्हणून माझे उत्तर आधी सांगते. आजारी माणसाच्या शरीरातल्या पेशींमध्ये, त्याच्या संमतीने, जनुकीय बदल करून त्याला बरे करणे हे मला कर्तव्य वाटते. भ्रूणात बदल करून, तो पुढच्या पिढ्यांत उतरेल अशा रीतीने, ‘अधिक चांगला’ माणूस घडवायला निघणे मला आज अनैतिक वाटते. त्याची काही कारणे तंत्रज्ञान सुधारले की उरणार नाहीत. काही तशीच राहतील, आणि खरी महत्त्वाची तीच आहेत.

निसर्गात ढवळाढवळ करू नये, देवाने दिले ते स्वीकारावे, हा मुद्दा मात्र मी मांडणार नाही. सिकलसेलही निसर्गानेच दिलेला आहे. बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या एका घटकाच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो आणि प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बदल एवढाच. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सात-आठ वर्षांचे मूल हाडांच्या दुखण्याने रात्रभर ओरडत राहते. प्लीहा निकामी होते, साधा संसर्ग जीवावर बेततो, काहींना लहान वयात पक्षाघात होतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार इथल्या आरोग्य केंद्रांत काम केलेल्या कोणालाही निसर्गाच्या शहाणपणाबद्दल प्रवचन देता येणार नाही.

म्हणून २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या पहिल्या क्रिस्पर (जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या ‘कात्री’च्या) उपचाराला, ‘कॅसजेव्ही’ला, मान्यता दिली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यातल्या बीसीएल-११-ए या जनुकाचा तांबड्या रक्तपेशींपुरता चालणारा नियंत्रक तोडतात, दरम्यान जोरदार किमोथेरपी देऊन अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी नष्ट करतात आणि मग बदललेल्या पेशी परत सोडतात. काम महिनोन्‌महिने चालते, वंध्यत्वाचाही धोका असतो.

यात एक बारकावा आहे. हा उपचार सिकलसेलची मूळ चूक दुरुस्त करतच नाही. ती तशीच राहते. तो गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, जे जन्मानंतर काही महिन्यांत जवळपास बंद होते, ते पुन्हा चालू करतो. मोठ्या माणसाच्या अंगात गर्भाचे हिमोग्लोबिन ही काही ‘सामान्य’ स्थिती नव्हे. म्हणजे ‘बिघडलेले पूर्ववत करणे तो उपचार, आणि सामान्याच्या पलीकडे नेणे ती सुधारणा’ ही जी रेघ सगळे ओढतात, ती रेणूंच्या पातळीवर आत्ताच पुसट झालेली आहे. जावयांच्या बाजूचा हा मुद्दा मी मान्य करते.

त्यांच्या बाजूचा याहून बळकट मुद्दाही मीच सांगते. पीसीएसके-९ नावाचे जनुक आहे. काही लोकांमध्ये त्याची एक प्रत जन्मतःच निकामी असते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते आणि त्यांना हृदयविकार होण्याचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होता. त्यांची प्रकृती उत्तम. आता हेच जनुक यकृतात बंद करणाऱ्या उपचारांच्या मानवी चाचण्या चालू आहेत. ज्याला अजून झटका आलेला नाही अशा माणसाला उद्या हे दिले, तर तो उपचार, प्रतिबंध की सुधारणा? मला त्या नावाने फरक पडत नाही. चाळिशीचा माणूस सगळे धोके समजून घेऊन स्वतःच्या यकृतात हा बदल करून घेत असेल, तर मी त्याला अनैतिक म्हणणार नाही. त्याचे शरीर, त्याचा निर्णय, आणि चुकले तर ते त्याच्यापाशीच थांबते.

म्हणजे जनुकाला हात लावणे हे पाप नाही. प्रश्न आहे तो हात कोणाच्या शरीराला लागतो, कोणाच्या इच्छेने, आणि चुकले तर कोण भोगतो, हा.

भ्रूणाच्या बाबतीत याचे उत्तर २०१८ साली जगाने पाहिले. चीनमधल्या शेन्झेनचे संशोधक ‘हे’ जियानकुई (‘हे’ हे आडनाव) यांनी हाँगकाँगच्या जनुक-संपादन परिषदेच्या तोंडावर जाहीर केले की त्यांनी सीसीआर-५ हे जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. उद्देश असा की मुलींना एचआयव्हीची लागण होऊ नये. वडील एचआयव्हीबाधित होते. पण वडिलांकडून होणारी लागण वीर्य धुऊन आयव्हीएफ केल्याने टळतेच, ते तंत्र कितीतरी आधीपासून उपलब्ध होते. म्हणजे त्या मुलींवर उपचार झालाच नाही, कारण त्यांना आजार नव्हता. ती सुधारणाच होती, जन्माला येऊ दिलेल्या मानवी भ्रूणावरची पहिली. आणि ती धड झालीही नाही. युरोपातल्या काही लोकांत सीसीआर-५ मध्ये नैसर्गिकरीत्या जो बदल सापडतो तो नेमका बदल या मुलींत झाला नाही. पूर्वी कोणी न पाहिलेले दुसरेच बदल झाले. एका मुलीत जनुकाची एकच प्रत बदलली. शरीरातल्या काही पेशी बदललेल्या, काही न बदललेल्या, अशी मिश्र अवस्था असल्याचेही दिसले. शिवाय सीसीआर-५ नसलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त तीव्र होतो हे तेव्हाही माहीत होते. जियानकुई यांना २०१९ मध्ये तीन वर्षांची कैद झाली. मुलींना मात्र ते बदल आयुष्यभर सांभाळायचे आहेत, आणि त्यांना मुले झाली तर कदाचित त्यांनाही. दुष्परिणाम होतात का हे कळायला त्यांची जन्मभर तपासणी करत राहावी लागणार. जन्मल्यापासून प्रयोगातली पात्रे, कोणी न विचारता.

कोणी म्हणेल, तंत्र सुधारेल. सुधारेलही, भ्रूणात कात्री चालवल्यावर रंगसूत्राचे मोठे तुकडे गळून पडणे यासारख्या अडचणी कधीतरी सुटतील. पण ‘चांगले जनुक’ म्हणजे काय, हा प्रश्न सुटणारा नाही. माझ्या रोजच्या कामातलेच उदाहरण घ्या. सिकलसेलचे जनुक दोन्ही पालकांकडून आले तर आजार. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती वाहक, आणि वाहकाला मलेरियाच्या गंभीर आजारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणून तर ते जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्या मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात टिकून राहिले. हजारो वर्षांपूर्वी त्या जंगलात कोणी जनुकतज्ज्ञ असता आणि त्याने फक्त वाहक मुले पाहिली असती, तर ‘हे जनुक सगळ्यांना द्या’ असेच तो म्हणाला असता. एलआरपी-५ जनुकातला एक बदल हाडे इतकी दाट करतो की ती सहजी मोडत नाहीत. सुधारकांच्या यादीत तो हमखास असतो. पण त्या कुटुंबातल्या काहींना पाण्यावर नीट तरंगता येत नव्हते, आणि याच जनुकातल्या काही बदलांमुळे कवटीचे हाड वाढून नसांवर दाब येतो. शिक्षणाशी जोडल्या गेलेल्या जनुकीय गुणांकाचा (अनेक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेल्या अंदाजाचा) बायपोलर या मानसिक विकाराच्या धोक्याशी संबंध दिसला आहे. जनुके एकेकटी काम करत नाहीत, आणि कोणते दार उघडताना कोणते बंद होते याचा हिशेब आपल्याकडे नाही.

आता गुणपत्रकाकडे येते, कारण मुलगी-जावयांसमोर आजचा प्रश्न तोच आहे. तिथे जनुकांचे संपादन, म्हणजे बदल, नाही; निवड आहे. उंचीवरचा सर्वांत मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५४ लाख लोकांची माहिती, त्यातून उंचीशी निगडित सुमारे १२,००० जनुकीय फरक. एवढे करून युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या फरकापैकी जेमतेम ४० टक्के भाग उलगडतो, इतर वंशगटांत १० ते २० टक्के. उंची ही मोजायला सर्वांत सोपी गोष्ट. बुद्धीचे तर बोलायलाच नको. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला की गुणांक पाहून सर्वोत्तम भ्रूण निवडले तर सरासरीपेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर उंची किंवा अडीच बुद्ध्यंक जास्त मिळू शकेल. तेही अपेक्षित सरासरी. प्रत्यक्ष एका मुलाच्या बाबतीत काहीही होऊ शकते. मराठी जोडप्याच्या भ्रूणांना युरोपीय लोकांच्या आकडेवारीवर बेतलेली पट्टी लावली तर ती आणखी चुकणार. जावई इंजिनियर असतील तर एवढे वाचूनच त्यांचा उत्साह ओसरावा.

तो ओसरला नाही, समजा पट्टी अचूक निघाली, तरी माझा विरोध राहतो. का, हे सांगायला मला महाराष्ट्राकडे यावे लागते, कारण जन्माआधी निवड करण्याचा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत.

गर्भजल तपासणी भारतात सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले जनुकीय आजार ओळखण्यासाठी. काही वर्षांतच मुंबईत आणि नंतर गावोगावी ती मुलगी ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली. पुढे सोनोग्राफी आली आणि काम स्वस्त झाले. आज जे युक्तिवाद ऐकू येतात ते सगळे तेव्हाही होते, आणि ते माझ्याच पेशातले लोक करत होते: हा पालकांचा खासगी निर्णय आहे, नको असलेल्या मुलीचे हाल होण्यापेक्षा हे बरे, दोन मुलींनंतर कुटुंबाचा समतोल साधायला काय हरकत. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी लढा दिला म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ होती ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ८०७.

यातले एकेक जोडपे घेतले तर बहुतेक जण दुष्ट नव्हते. त्यांना आपल्या अपत्याचे भले हवे होते, आणि भले कशात आहे हे त्यांना समाजाने सांगितले होते. तीच भीती मला सुधारणेबद्दल वाटते. पालकांपुढे मोकळी यादी ठेवली तर ते त्यात दयाळूपणा किंवा गाण्याचा कान शोधतील असे मला वाटत नाही. आपल्याकडे ‘चांगल्या’ची यादी लिहून तयार आहे. ती वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर असते: उंच, गोरी, निरोगी, उच्चशिक्षित. अमेरिकेची यादी थोडी वेगळी असेल, पण तिथेही ती बाजाराने लिहिलेली असेल. सावळ्या मुलीला रंगावरून बोलणाऱ्या समाजात रंगाचे जनुक बदलायची सोय करणे म्हणजे समाजाचा दोष मुलीच्या अंगात दुरुस्त करणे. तंत्रज्ञानाने त्या पूर्वग्रहाला बळ येते, आणि ज्यांनी निवड केली नाही त्यांच्यावरचा दबाव वाढतो.

उंचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वाढीचे संप्रेरक ज्यांच्यात कमी आहे त्यांच्यासाठी ते औषध आहे. २००३ मध्ये अमेरिकेने ते संप्रेरकाची कमतरता नसलेल्या, केवळ बुटक्या मुलांनाही द्यायला मान्यता दिली. उंचीत खालच्या १.२ टक्क्यांत बसणारी मुले पात्र ठरली. वर्षानुवर्षे इंजेक्शने घेऊन वाढणार काही सेंटिमीटर. पण खालचे १.२ टक्के नेहमीच असणार! सगळेच उंच झाले तरी कोणीतरी रांगेत शेवटी राहतोच. उंचीचा जो सामाजिक फायदा आहे तो दुसऱ्यापेक्षा उंच असण्याचा आहे. लसीचे तसे नसते. माझ्या मुलाने गोवराची लस घेतली तर शेजारच्या मुलालाही संरक्षण मिळते. जावयांनी लस आणि क्लास एका दमात उच्चारले, तिथेच गफलत आहे.

क्लासबद्दल म्हणाल तर, मुलगा क्लास सोडू शकतो. माझ्याच ओळखीतली कितीतरी मुले आईवडिलांच्या मनातले डॉक्टर व्हायला निघाली आणि मध्येच वळून नाट्यशास्त्राकडे, शेतीकडे गेली. भांडणे झाली, अबोला झाला, पण वळता आले. आईवडिलांची इच्छा बाहेर उभी होती म्हणून तिच्याशी भांडता आले. तीच इच्छा पेशीपेशीत लिहून ठेवली तर मुलाने वळायचे कुठून? आणि एवढा खर्च करून ‘हुशार’ निवडलेले मूल गणितात नापास झाले, तर त्या घरात त्याला कसे पाहिले जाईल? आईवडिलांच्या ग्राहकासारख्या अपेक्षांचे ओझे घेऊनच मुलाने जन्माला यावे, हे मला फार क्रूर वाटते.

ज्युलियन सावुलेस्कू या तत्त्वज्ञांनी २००१ मध्ये याच्या अगदी उलट भूमिका मांडली: शक्य असलेल्या अपत्यांपैकी ज्याचे आयुष्य सर्वांत चांगले जाण्याची शक्यता आहे ते निवडणे हे पालकांचे नैतिक कर्तव्य आहे. तर्क म्हणून ती घट्ट आहे. पण ‘सर्वांत चांगले आयुष्य’ जनुकांवरून ओळखता येते हे त्यात गृहीत आहे. माझ्याकडे येणारे सिकलसेलचे तरुण रुग्ण दुखण्याला शिव्या देतात, पण स्वतःच्या आयुष्याला नाही. त्यांचा आजार टाळण्यासाठी मी आयुष्य घालवले, आणि तरीही ‘तुम्ही जन्मायला नको होता’ असा संदेश त्यांना जाऊ नये याची काळजी मला प्रत्येक वाक्यात घ्यावी लागते.

गंभीर आजार टाळण्यासाठी भ्रूण तपासणे मला मान्य आहे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती टाळण्यासाठी भ्रूणाचे संपादन लागत नाही, तपासणी पुरते. आई-वडील दोघेही रुग्ण असतील तर मात्र प्रत्येक भ्रूण आजारीच निघणार. संपादनाच्या बाजूने वैद्यकीयदृष्ट्या खरे अवघड प्रकरण हे आहे, आणि अशी जोडपी आमच्याकडे येतात. त्यांना मी सांगते की जन्मानंतर मुलावर होऊ शकणाऱ्या उपचारांवर भर देऊ. ते समाधानाने जात नाहीत, हेही खरे.

आपला कायदाही साधारण इथेच उभा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या पिढीत उतरणारे जनुकीय बदल भारतात निषिद्ध आहेत. सहायक प्रजननाच्या २०२१च्या कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. म्हणजे कॅलिफोर्नियात देऊ केलेले ते बुद्ध्यंकाचे गुणपत्रक पुण्यात बेकायदा ठरेल.

पैशाबद्दल थोडे बोलावेच लागेल. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकीय संशोधन संस्थेत सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार तयार होतो आहे, त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे, आणि माझी मोठी आशा तिथे आहे. पण आज दुर्गम पाड्यावरच्या मुलाला सिकलसेलचे दुखणे कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी दर महिन्याला वेळेवर मिळेलच असे नाही. ज्या कातरीने त्या मुलाचे दुखणे थांबू शकते, ती श्रीमंतांच्या मुलांची उंची वाढवण्यात गुंतावी, याला मी अन्याय म्हणते.

ताई, मुलीला आणि जावयांना एवढे सांगा. दोघांच्या घराण्यात कोणता ठरावीक आनुवंशिक आजार असेल, किंवा दोघे थॅलेसेमिया, सिकलसेल अशा एकाच आजाराचे वाहक निघाले, तर त्या एका आजारासाठी भ्रूणतपासणी जरूर करा; ती विश्वासार्ह आहे. बाकीच्या गुणपत्रकासाठी कंपनीला विचारा की धोका ‘निम्मा होतो’ म्हणजे शंभरात किती जणांवरून किती जणांवर येतो. शंभरात एकाचा दोनशेत एक झाला तरी त्याला निम्माच म्हणतात. तुमची पट्टी किती दक्षिण आशियाई लोकांवर पडताळली आहे, तेही विचारा. आणि गुणांकाच्या नादाने, डॉक्टरांनी रुजण्यासाठी सर्वांत योग्य ठरवलेले भ्रूण मागे ठेवू नका. आयव्हीएफमध्ये हातात मोजकीच भ्रूणे असतात. बुद्ध्यंकाच्या अडीच गुणांसाठी गर्भधारणाच हुकण्याचा धोका घेणे शहाणपणाचे नाही. जावयांना अजून शंका असतील तर त्यांनी मला थेट लिहावे. त्यांच्याशी बोलायला मला आवडेल.